घोड्याच्या खुरातला पू महिना झाला तरी थांबत नाही, काय करावे?

महिनाभर पू येतोय म्हणजे बहुधा आत काहीतरी राहिलंय: खिळ्याचा तुकडा, खडा, नाहीतर हाडापर्यंत गेलेला संसर्ग. आता एक्स-रे काढाच. नुसती अँटिबायोटिक्स देत बसू नका; खुराच्या आत ती नीट पोचत नाहीत, पूला बाहेर पडायला वाट करून द्यावी लागते. ही वाट डॉक्टर किंवा जाणत्या नालबंदाकडूनच करून घ्या. घरी चाकू चालवू नका, बाबांनो!

तोवर कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून पाय १५-२० मिनिटं बुडवा, कोरडा करा, कापूस लावून वर लहान मुलांचा डायपर आणि चिकटपट्टी. (हसू नका, हेच टिकतं.) ठाण कोरडं हवं, माथेरानसारख्या पावसात तर हीच खरी लढाई. धनुर्वाताची लस झालीय ना? घोड्याला तो चटकन होतो.