जुना लाकडी ४×५ फील्ड कॅमेरा (४×५ इंचाच्या सुट्या फिल्मवर फोटो काढणारा, घडी घालून नेता येणारा) घेताना काय तपासावं, आणि कोणत्या कंपनीचा घ्यावा?

कंपनीचं नंतर बघू. आधी भाता बघा, म्हणजे बेलोज, लेन्स आणि फिल्मच्या मधला तो घड्यांचा भाग.

हे मी अठ्ठावीस हजार मोजून शिकलोय, म्हणून एवढ्या तावातावाने सांगतोय. तीन वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडे जपानी फोल्डिंग कॅमेरा बघायला गेलो. चेरीचं लाकूड, पितळी स्क्रू, सगळं लखलखीत. सोबत माझे चुलते, तात्या. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत त्यांचा स्टुडिओ होता, आयुष्य फुल प्लेटवर, म्हणजे मोठ्या मापाच्या निगेटिव्हवर, लग्नातले ग्रुप काढण्यात गेलं. मी लाकडावरून हात फिरवत होतो तर म्हणाले, "म्हस घ्यायला आलं की कास बघत्यात, शिंगं न्हवं. भाता ताणून बघ." विक्रेत्यासमोर मला लाज वाटली. अर्धवट उघडला, दोन घड्या बघितल्या, मिटला.

पहिल्याच रविवारी खिद्रापूर गाठलं. कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप, ४८ खांब आणि वर छताला गोल मोकळं आभाळ. कॅमेरा वर न वाकवता पुढचा स्टँडर्ड, म्हणजे लेन्स धरणारी चौकट, वर सरकवला की खांब सरळ राहतात. एवढ्यासाठीच तर हा उपद्व्याप. सहा शीट काढल्या. घरी धुतल्या तर सहाही निगेटिव्हवर त्याच कोपऱ्यातून निघालेला काळा, धुरकट पट्टा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली काहीच कळलं नव्हतं, मंडपात वरचं ऊन थेट भात्यावर पडत होतं. तात्यांनी एक निगेटिव्ह खिडकीला धरली आणि एवढंच म्हणाले, "कास."

रात्री बाथरूममध्ये अंधार केला, भाता पूर्ण ताणला, आत मोबाईलचा टॉर्च लावला. घड्यांच्या कोपऱ्यांवर चार चांदण्या. शेवटी चप्पल लाईनमधल्या एका कारागिराने बकऱ्याचं कातडं कागदासारखं तासून आतून चिकटवून दिलं. दीडशे रुपये घेतले आणि वर विचारलं, "हे पेटी वाजवायचं हाय काय?" ते ठिगळ अजून टिकून आहे. तर टॉर्च पैसे देण्याआधी लावा, नंतर नाही.

ग्राउंड ग्लासची, म्हणजे फोकस बघायच्या मागच्या काचेची, खरखरीत बाजू लेन्सकडे हवी. काच फुटून बदललेली असेल तर हमखास कोणीतरी उलटी बसवलेली असते. काचेवर फोकस कडक दिसतो, निगेटिव्ह मऊ येते आणि माणूस लेन्सला शिव्या घालतो. आणि एखाद्या बंद पडलेल्या स्टुडिओतला अलेप्पीचा वागीश्वरी स्वस्तात मिळतोय म्हणून हुरळू नका. कॅमेरा दणकट, पण असे स्टुडिओतले कॅमेरे बहुतेक हाफ प्लेट नाहीतर फुल प्लेटचे. ४×५ चे फिल्म होल्डर त्यात बसत नाहीत, मागचा भाग सुताराकडून नवा करून घ्यावा लागतो.

आता शटर. इथे तात्यांचं आणि माझं अजून जमलेलं नाही. ते म्हणतात, शटर सुस्त असलं तर असू दे, लेन्सची टोपी काढायची, मनात आकडे मोजायचे, टोपी घालायची. मंडपाच्या सावलीत लेन्सचं छिद्र बारीक करून एफ २२ ला आठ सेकंद द्यायचे असतील तर कबूल. पण बाहेरचे ते दगडी हत्ती भर उन्हात काढायचे झाले तर आयएसओ १२५ च्या फिल्मला एफ २२ वर साधारण १/६० सेकंद लागतो. शटर सुस्तावून १/३० देत असेल तर एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड. ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह तेवढं पचवते, तात्या नेमकं यावरच अडून बसतात. स्लाइड फिल्म पचवत नाही. म्हणून एक सेकंदावर लावून कानाशी धरा. गिअरची घरघर एकसारखी चालली पाहिजे, मध्येच अडखळली की सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून कापून मागा. आणि तात्या, हे वाचत असाल तर साठाव्या भागाला टोपी कशी घालायची ते एकदा करून दाखवा.

कंपनी कुठलीही चालेल, लेन्सबोर्ड, म्हणजे लेन्स बसवायची पाटी, लिनहॉफ टेक्निका कॅमेऱ्याच्या मापाचा असला की झालं. अर्थात मी आयुष्यात असा एकच कॅमेरा विकत घेतलाय, हेही लक्षात घ्या. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तो चामडी पेटीत बंद करून ठेवू नका. माझ्या दीडशे मिलिमीटरच्या लेन्सवर ऑगस्टमध्ये बुरशीचं जाळं आलं होतं, त्यावर तात्या काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.