जुन्या डॅट्सन २४०झेडला डिफरन्शियलचं (इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणाऱ्या गिअरपेटीचं, थोडक्यात डिफचं) माउंट सॉलिड बसवावं की रबराचंच ठेवावं?

रस्त्यावर चालवायची गाडी असेल तर खाली रबरच ठेवा आणि वरून डिफच्या नाकाला, म्हणजे पुढच्या टोकाला, अटकाव करा. सॉलिड, म्हणजे रबराशिवायचं अखंड धातूचं माउंट, मी दोन वर्षं वापरून काढून टाकलं, म्हणून ठामपणे सांगतोय.

तुम्ही लिहिलंय की गाडी १९७२ ची आहे, त्यात २.८ लिटरचं एल२८ इंजिन आणि तीन वेबर कार्बोरेटर बसवलेत, आणि क्लच सोडला की मागून ‘ठक्’ येतं. माझी गाडीही त्याच सालची. ओहायोच्या रस्त्यांवरचं मीठ तिने भरपूर खाल्लं, पण पत्रा काही खाल्ल्या मिठाला जागला नाही.

आधी ते ठक् नेमकं कुठून येतंय ते बघा. हाफ शाफ्टचे (डिफपासून चाकांपर्यंतच्या दांड्यांचे) क्रॉस, म्हणजे सांधे, सैल झाले तरी हुबेहूब असाच आवाज येतो आणि माणसं उगाच माउंट बदलत बसतात. गाडी स्टँडवर घ्या, डिफच्या नाकाखाली लाकडी ठोकळा ठेवून ट्रॉली जॅकने हळूच उचला. रबर शाबूत असेल तर डिफबरोबर गाडीही वर येऊ पाहते. फाटलं असेल तर डिफ एकटंच वर येतं आणि पाव चिरल्यासारखं रबर मधोमध उघडतं. माझं उघडलं तेव्हा आत काळं, तेलकट, बोटाने कुस्करता येईल असं झालं होतं.

ते फाटतं का, तर पिनियन (डिफमधलं छोटं दातेरी चाक) क्राउनला (मोठ्या दातेरी चाकाला) ढकलतं तेव्हा त्याची उलट प्रतिक्रिया डिफचं नाक वर उचलते. इंजिनाचा टॉर्क २०० न्यूटन-मीटर धरा, पहिला गिअर ३.३, डिफचं गुणोत्तर ३.३६४. गुणाकार २,२०० न्यूटन-मीटरच्या वर जातो, तेवढा पीळ नाकाला वर ढकलतो. नाकाखालचं माउंट (आपल्याकडच्या गॅरेजात असल्या रबराला फाउंडेशन म्हणतात) म्हणजे दोन लोखंडी पट्ट्यांमध्ये चिकटवलेलं रबर. दाब ते वर्षानुवर्षं सोसतं, पण ओढलं की सुटतं. आणि इथे तर प्रत्येक वेळी गाडीचा वेग वाढवताना ते ओढलंच जातं. कंपनीने नाकावरून एक पट्टा दिलाय, पण नाक बरंच वर आल्यावर तो कामाला येतो.

मी दोनदा नवं रबर घातलं. दुसरं ऑनलाइन घेतलेलं, ते चौदा महिन्यांत सुटलं. दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घालून ॲल्युमिनियमचा ठोकळा बसवला. ठक् त्याच दिवशी गेलं. पहिला आठवडा मी हवेत होतो. मग हायवेला लागलो.

अमेरिकेतल्या मूळ डिफमध्ये क्राउनला ३७ दात आणि पिनियनला ११. चौथ्या गिअरमध्ये ३,००० आरपीएमला डिफकडे येणारा शाफ्ट इंजिनाइतक्याच वेगाने, सेकंदाला ५० फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला ५५० वेळा दातात दात बसतो. पेटी वाजवणाऱ्यांना सांगतो, वरच्या सप्तकातली काळी एक, किंचित उतरलेली. रबर हा सूर गिळून टाकतं. सॉलिड माउंट तो थेट पत्र्याच्या हवाली करतं, आणि हॅचबॅकची मागची पोकळी म्हणजे तंबोऱ्याचा भोपळाच. आई साताऱ्याहून आली होती, तिला या गाडीतून कोलंबसहून क्लीव्हलँडला नेलं. अर्ध्या वाटेत म्हणाली, “पिठाची गिरणी बसवलीयस का रे मागे?”

आवाज एक वेळ सोसला असता. पण मी पुढे सॉलिड बसवून मागच्या मिशीच्या आकाराच्या आडव्या पट्टीचे बुश मात्र रबराचेच ठेवले होते. त्यामुळे मागची बाजू थोडी हलणार आणि त्या हलण्याचा सगळा ताण पुढच्या क्रॉसमेंबरवर, म्हणजे माउंट ज्यावर बसतं त्या आडव्या पट्टीवर, येणार. दोन वर्षांनी त्याच्या बोल्टाशेजारी पत्र्याला केसाएवढी चीर दिसली. त्याच संध्याकाळी ठोकळा काढला.

आता खाली चांगल्या प्रतीचं रबर आहे, आणि पट्ट्याच्या जागी लोखंडी ब्रॅकेट लावून त्यातून नाकावर टेकणारी पॉलियुरेथेनची गादी. नाक वर जातच नाही, म्हणून रबर ओढलं जात नाही. गादी जेमतेम टेकेल इतकीच ठेवा. मी पहिल्यांदा कसून दाबली होती, तर गिरणी निम्म्या आवाजात परत सुरू झाली. मागचे बुश पॉलियुरेथेनचे घातलेत. ग्रीस भरपूर लावा, नाहीतर करकरतात.

गाडी फक्त ट्रॅकवरच न्यायची असेल तर खुशाल सॉलिड बसवा, पण पुढे-मागे दोन्हीकडे, आणि आधी पत्र्याला वेल्डिंग करून मजबुती देऊन.

आणि माउंट काढणारच आहात तर पिनियनचं सील बदलून घ्या. माझी दोन्ही रबरं तिथून झिरपणाऱ्या गिअर ऑइलने सडली होती. दुकानदाराचा काही दोष नव्हता, हे मला ठोकळा काढताना कळलं.