पीसीएनएलनंतर पाठीतल्या नळीतून मळ आला. मुतखड्याच्या शस्त्रक्रियेत आतड्याला भोक कसे पडते?

तुमच्या वडिलांच्या डाव्या मूत्रपिंडातील खडा दुर्बिणीने काढला, तिसऱ्या दिवशी नळीतून मळ आला आणि हा निष्काळजीपणाच ना, असे तुम्ही विचारले आहे. मी डॉक्टर नाही. मूत्ररोग विभागात अनेक वर्षे परिचारिका होते, तेवढ्यावरून लिहिते.

पीसीएनएल म्हणतात त्या या शस्त्रक्रियेत पाठीकडून मूत्रपिंडात सुई घालून ती वाट रुंद करतात, तिच्यातून खडा फोडून काढतात आणि लघवी बाहेर यायला त्याच वाटेत काही दिवस नळी ठेवतात. मोठे आतडे सहसा मूत्रपिंडाच्या पुढच्या अंगाला असते, पण काही माणसांत ते मागे सरकलेले असते आणि अशा वेळी कण्यापासून जरा लांब, कुशीकडून टोचले तर सुई आधी आतड्यातून जाते. डावी बाजू, उतारवय, किडकिडीत देह किंवा पूर्वी झालेली आतड्याची शस्त्रक्रिया असेल तर हा धोका वाढतो. आधीच्या सीटी स्कॅनमध्ये आतडे दिसते खरे. मात्र स्कॅन उताणे झोपवून काढतात, शस्त्रक्रिया बहुधा पालथे झोपवून करतात, आणि कूस बदलली की आतडेही हलते. शंभरात एकाहूनही कमी रुग्णांत होणारी ही इजा त्यामुळे कसलेल्या हातांकडूनही होते. निष्काळजीपणा शोधायचाच असेल, तर ती वेळेत ओळखली गेली का, हे आधी पाहावे.

आमच्याकडच्या एका आजोबांच्या नळीला जोडलेली पिशवी पहिल्या दिवशी लाल, दुसऱ्या दिवशी फिकट गुलाबी होती. तिसऱ्या पहाटे ती वाऱ्याने फुगलेली दिसली आणि तळाशी पिवळट-तपकिरी कण बसले होते. वास तर लपणारा नव्हताच. नळीतून क्ष-किरणात दिसणारे औषध सोडून क्ष-किरण काढला, तेव्हा ते सरळ मोठ्या आतड्यात उतरले. शिकाऊ डॉक्टर नळी काढायला निघाले होते, त्यांना सरांनी जागीच थांबवले.

कारण उपचार त्याच नळीवर होता. मूत्रवाहिनीत स्टेंट, म्हणजे लघवी वाहती ठेवणारी आतली बारीक नळी, घालून लघवीची वाट खाली मोकळी केली आणि नळी मूत्रपिंडातून मागे ओढून आतड्यात ठेवली, म्हणजे मळ बाहेर येत राहतो आणि दोन्ही वाटा वेगळ्या होऊन भरून येतात. सोबत प्रतिजैविके आणि चोथा कमी असलेला आहार. साधारण सात ते दहा दिवसांनी पुन्हा औषध सोडून गळती नाही, अशी खात्री झाल्यावरच नळी काढतात. मात्र भोक पोटाच्या पडद्यामागेच (आतड्यांभोवतीच्या पातळ आवरणाच्या मागे) उघडत असेल तरच हे चालते. पोट लाकडासारखे कडक झाले, ताप चढला, रक्तदाब उतरला, तर पोट उघडावेच लागते आणि कधीकधी काही महिने मळाची वाट पोटावर काढून ठेवतात.

तेव्हा गळती पडद्याच्या आत आहे की मागे, स्टेंट घातला आहे का आणि पुढची तपासणी कधी, हे आजच डॉक्टरांना विचारा. घरी सोडताना स्टेंट काढण्याची तारीखही कागदावर लिहून घ्या. तो आत राहून गेला, तर त्याच्यावरच नवा खडा धरतो.