शस्त्रसंधी, तह की शांतता करार?

प्रश्न असा आहे: सशस्त्र संघर्षांच्या संगणकीय प्रारूपांवरच्या (मॉडेल्सवरच्या) लेखाचा अनुवाद करताना 'सीझफायर' आणि 'पीस ॲग्रीमेंट' या दोन्हींसाठी 'शस्त्रसंधी' चालेल का, की सरसकट 'तह' लिहावे?

दोन्ही नको. 'सीझफायर'ला 'शस्त्रसंधी' आणि 'पीस ॲग्रीमेंट'ला 'शांतता करार' असे वेगळे शब्द ठेवा. सरमिसळ बातमीत एक वेळ खपून जाईल, इथे नाही. एडिनबरा विद्यापीठाच्या 'पीए-एक्स' संग्रहात १९९० पासूनचे करार आहेत आणि प्रत्येक कागद कुठल्या टप्प्यावरचा, याची वेगळी नोंद आहे: वाटाघाटींपूर्वीचा, शस्त्रसंधीचा, चौकटीचा, अंमलबजावणीचा. प्रारूप चालते ते असल्या खुणांवरच.

नागा प्रश्न घ्या. एनएससीएन या नागा बंडखोर संघटनेच्या आयझॅक-मुईवा गटाशी सरकारची १९९७ मध्ये झाली ती शस्त्रसंधी. ३ ऑगस्ट २०१५ ला सह्या झाल्या त्या चौकट करारावर, म्हणजे पुढच्या तोडग्याच्या आराखड्यावर, तरी बोलताना आपण त्याला सर्रास 'नागा शांतता करार' म्हणतो. मिझोरामचा ३० जून १९८६ चा करार मात्र खरोखरच अंतिम, संघर्ष मिटवणारा. त्यानंतर मिझो नॅशनल फ्रंट या बंडखोर संघटनेचे नेते लालडेंगा थेट मुख्यमंत्री झाले. तिन्हींपुढे एकच शब्द पडला, तर 'करारानंतर शांतता किती वर्षे टिकली' हे गणित चुकलेच म्हणून समजा.

'युद्धविराम'सुद्धा जपून वापरा. उप्साला विद्यापीठाच्या नोंदींत वर्षाला लढाईत किमान २५ माणसे मेली की 'सशस्त्र संघर्ष', १००० मेली की 'युद्ध'. ज्याला ते युद्धच म्हणत नाहीत, त्याचा युद्धविराम कसा होणार?

'तह' म्हटले की पुरंदर (१६६५), सालबाई (१७८२). दोन सत्ता, किल्ले आणि मुलूख यांची देवघेव. आजच्या बहुतेक संघर्षांत एकीकडे सरकार असते, दुसरीकडे बंडखोर. तिथे 'तह' वाचताना बखर हाती आल्यासारखे वाटते.

आता 'संधी'. कौटिल्याच्या षाड्गुण्यातला, म्हणजे परराज्यांशी वागण्याच्या सहा धोरणांतला, हा पहिला गुण: 'पणबन्धः सन्धिः', म्हणजे अटी घालून केलेला समेट. मूळ अर्थ शांतता करारालाच जवळचा, हे खरे. पण मराठीत 'शस्त्रसंधी' बंदुका थांबवण्यापुरती उरली आहे आणि वाचकाला तेवढेच कळते. व्युत्पत्तीचा हट्ट धरू नये.

'मॉडेल'ला प्रारूप म्हणा किंवा मॉडेलच ठेवा. 'नमुना' टाळा, कारण दोन परिच्छेद पुढे 'सॅम्पल' येईल आणि तिथे तो शब्द लागेल.