सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट माझ्या इलेक्ट्रॉनिक ट्रॅकशी सुरात का लागत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा: बडोद्यात तुम्ही लॅपटॉपवर १२० बीपीएमचा (मिनिटाला १२० ठोके), ए मायनरमधला ट्रॅक केलात. पियानो रोलमधली (सॉफ्टवेअरमध्ये सूर मांडायच्या जाळीतली) धून जशीच्या तशी उतरवून आल्टो सॅक्स आणि ट्रम्पेट वाजवणाऱ्या मित्रांना दिलीत, आणि तिघांचे तीन सूर लागले.

तुम्ही पेटी वाजवता, मग अर्धं काम झालंच. स्केल चेंजर पेटी आठवा. कीबोर्ड सरकवला की बोट पांढरी एकवर (सी), पण सूर काळी पाचचा. ट्रम्पेट म्हणजे काळी पाचवर कायमची अडकलेली पेटी: कागदावरचा सी ऐकू येतो बी फ्लॅट, दोन सेमीटोन (पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) खाली. आल्टो काळी दोनवर अडकलेला: लिहिलेला सी ऐकू येतो ई फ्लॅट, तोही खालचा, म्हणजे नऊ सेमीटोन खाली. टेनर सॅक्स ट्रम्पेटसारखाच, पण आणखी एक सप्तक खाली. यामागे सोय आहे. आल्टोवाल्याने टेनर उचलला तरी लिहिलेल्या सुराला तीच बोटं चालतात. गणित लिहिणाऱ्याच्या गळ्यात.

म्हणून कागदावर ट्रम्पेटसाठी २, आल्टोसाठी ९ आणि टेनरसाठी १४ सेमीटोन वर लिहा. फक्त कागदावर. नेहमीची चूक इथे होते: लॅपटॉपमध्ये मिडी (सुरांची नोंद असलेली फाइल) ९ ने चढवायचं आणि तीच फाइल म्यूझस्कोर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आल्टोच्या नावाने उघडायची. म्यूझस्कोर स्वतःच बदल करतं, म्हणजे तो दोनदा होतो. खात्री करायला लॅपटॉपवर मधला सी (मिडी ६०) धरून ठेवा. ट्रम्पेटने स्वरलेखनाच्या पाच ओळींच्या लगेच खालचा डी, आल्टोने ओळींमधल्या खालून दुसऱ्या जागेतला ए वाजवावा. तिघांचा एकच सूर आला तर हिशेब बरोबर.

आता ए मायनर सोडा. पेटीवर सोपा, पण आल्टोला तो तीन शार्पचा एफ शार्प मायनर पडतो आणि ट्रम्पेटला बी मायनर. ट्रॅक तीन सेमीटोन चढवून सी मायनर करा: आल्टोला ए मायनर, ट्रम्पेटला डी मायनर. तुमचे सी मायनर नाइन, एफ थर्टीन हे कॉर्ड आल्टोच्या कागदावर ए मायनर नाइन, डी थर्टीन होतील. ड्रम मात्र चढवू नका, किकचा पोत बिघडतो. सब-बास (सर्वांत खालचा बास) ५५ वरून ६५ हर्ट्झवर जाईल, छोट्या स्पीकरवर तर तो जास्तच ऐकू येईल.

तरीही सूर थोडा चढा वाटला तर दोष उन्हाचा. हवा एक अंश तापली की फुंकवाद्य साधारण तीन सेंट (सेमीटोनचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढतं. सिंथ ४४० हर्ट्झच्या ए वरून हलत नाही. वादकाला दहा मिनिटं फुंकू द्या, मग सूर मिळवा: सॅक्सचा माउथपीस किंचित बाहेर, ट्रम्पेटची मोठी स्लाइड बाहेर. मध्येच एसी लावलात की पुन्हा पहिल्यापासून.

लय हा जास्त नाजूक भाग, आणि इथे मी यंत्राच्या नाही, जाझ वाजवणाऱ्याच्या बाजूने आहे. सॅक्स क्वांटाइझ करू नका, म्हणजे त्याचे सूर सॉफ्टवेअरने ठोक्यावर नेमके बसवू नका. हाय-हॅटला (ड्रमच्या झांजांना) ५५ ते ५८ टक्के स्विंग द्या, म्हणजे जोडीतला दुसरा ठोका किंचित उशिरा पडू द्या. ६६ टक्के म्हणजे चोख ट्रिपलेट, हाउस या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या ठेक्यावर ते लंगडतं. रेकॉर्डिंगला बफर (लॅपटॉप एका वेळी साठवतो तेवढा आवाज) १२८ सॅम्पल ठेवा. ५१२ वर ४४.१ किलोहर्ट्झला एकाच दिशेला सुमारे १२ मिलिसेकंद जातात, वादकाला स्वतःचा सूर उशिरा ऐकू येतो आणि तो मागे खेचतो. ब्लूटूथ हेडफोन तर नकोच. आल्टोचा सर्वांत खालचा सूर सुमारे १३९ हर्ट्झ, तेव्हा त्याच्या ट्रॅकवर १२० खालचं बिनधास्त कापा. तिथे फक्त पंख्याची घरघर असते.