रंगसंवाद : काळी माती, मे महिना आणि चित्रकार

प्रश्न : शेतातली काळी माती गाळून, डिंकात कालवून जलरंग केला. कागदावर वाळला आणि तडकला, पापुद्रे निघाले. प्रमाण चुकलं की माती?
– कलाशिक्षक, अमळनेर

उत्तर : प्रमाण थोडं चुकलं असेल, पण मूळ कारण मातीच. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, वाळताना आकसते. मे महिन्यात कपाशीच्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेच कागदावर होतं. शिवाय ही माती काळा रंग देतच नाही. कागदावर ती करडी-तपकिरी उतरते. खरा काळा हवा असेल तर दिव्याची काजळी धरा.

माती फूटभर खालची घ्या. वरच्या थरात मुळं, खत आणि काडीकचरा असतो. एक वाटी माती पाच वाट्या पाण्यात ढवळा, अर्धा मिनिट थांबा आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. तळाची रेती फेकून द्या. असं तीनदा केलं की बोटांना कच लागत नाही. गढूळ पाणी रात्रभर ठेवा, वर आलेलं नितळ पाणी काढा आणि खालचा साका सावलीत वाळवा.

डिंक बाभळीचाच घ्या. किराणा दुकानात कतिराही ‘डिंक’ म्हणून देतात, तो विरघळत नाही, नुसता फुगतो. एक भाग डिंक दोन भाग गरम पाण्यात रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा. पाच चमचे द्रावणाला एक चमचा मध आणि लवंगतेलाचा एक थेंब. पावसाळ्यात मध निम्मा करा, नाहीतर वाळलेल्या रंगाच्या वड्या चिकट राहतात आणि बुरशी धरतात.

आता तडकण्याचा इलाज. काळ्या मातीच्या पुडीत तेवढाच गेरू मिसळा. गेरू फुगत नाही. मग पूड आणि द्रावण समसमान घेऊन काचेवर वीसेक मिनिटं घोटा. कागदावर रंगाची पट्टी ओढून वाळू द्या. बोटाला रंग लागला तर डिंक कमी, पट्टी चकाकून तडकली तर जास्त. आणि थर पातळच द्या, जाड थराला ही माती कधीच माफ करत नाही.

अजिंठ्याच्या चित्रकारांनीही लाल-पिवळा गेरूमातीतून आणि हिरवा काळ्या दगडात सापडणाऱ्या हिरव्या मातीतून घेतला. निळ्यासाठी मात्र लाजवर्द हा निळा दगड बाहेरून आणावा लागला. तेव्हा सगळा रंग गावातलाच हवा, असा हट्ट नको.

प्रश्न : उन्हाळ्यात बाहेर बसलं की वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, पसरायच्या आतच सुकतो. चार महिने रंगवायचंच नाही का?
– वाचक, रावेर

उत्तर : रंगवा, पण सकाळी नऊच्या आत. तीनशे जीएसएमचा, म्हणजे जाड, कागद दोन्ही बाजूंनी भिजवून प्लॅस्टिकच्या पत्र्यावर चिकटवा, खालचा ओलावा बराच वेळ टिकतो. पेलाभर पाण्यात ग्लिसरीनचे पाच-सहा थेंब टाका. जास्त पडलं तर रंग दिवसभर चिकट राहील. तरीही काठ कडक येणारच. मग ते चित्रात वापरा. केळीचं पान वाऱ्याने मधल्या शिरेपर्यंत फाटतं, त्या चिरांना कडक काठच शोभतो. सूर्य केळीच्या बागेच्या मागे ठेवून बसा : पानातून उजेड आरपार येतो आणि पोपटी रंग पिवळ्याकडे झुकतो. त्या उजेडाच्या जागी कागद कोरा सोडा, पांढरा रंग लावलात तर पान खडूसारखं दिसेल.

प्रश्न : मोठ्या शहरात गेल्याशिवाय कलाकार घडत नाही, असं सगळे सांगतात.
– विद्यार्थी, पाचोरा

उत्तर : शिक्षणासाठी, प्रदर्शनांसाठी जरूर जा. पण छायाचित्रकार केकी मूस मुंबईत जन्मले, परदेशात शिकून आले आणि चाळीसगावात राहिले. घराबाहेर क्वचितच पडणाऱ्या या माणसाने टेबलावर छोट्या वस्तू मांडून, प्रकाश बेतून निसर्गदृश्यं वाटतील अशी छायाचित्रं काढली. त्यांचं घर आता संग्रहालय आहे, पाचोऱ्याहून रेल्वेने जवळच. तिथे गेलात तर विषय काय आहे हे नंतर बघा, आधी प्रत्येक फोटोत उजेड कुठल्या बाजूने आलाय ते वहीत बाणाने काढा.