शेवाळाची चाचणी लावताना

अगं, तणनाशकाने शेवाळाची वाढ किती खुंटते हे बघायचंय ना, मग त्याच्या मात्रा नंतर ठरव, आधी औषध न घातलेले फ्लास्क बघ. ७२ तासांत तिथलं शेवाळ निदान १६ पट वाढलं नाही, तर बाकीचे आकडे कचऱ्यात. आणि मे महिन्यात ते वाढायचं कसं? त्याला २१ ते २४ अंश लागतात. परभणीत लाइट गेली की तासाभरात खोलीची भट्टी होते. माझी एक अख्खी चाचणी अशीच पिवळी पडली. इन्व्हर्टर नसेल तर दिवाळीनंतरच लाव. फ्लास्क सतत हलते ठेव, तळाला हिरवा थर बसला की मोजणी फसते. राफिडोसेलिस हे एकपेशीय हिरवं शेवाळ वापरत असशील तर सुरुवात मिलीलिटरला १० हजार पेशींच्या आतच कर. दाटी झाली की पीएच चढतो, म्हणजे पाणी अल्कधर्मी होत जातं.